विरजणाच्या हिशोबानं वाटलेलं इंटरनेट

सुनेची नोकरी मी जवळजवळ घालवलीच होती, आणि घालवताना मला वाटत होतं की मी पुण्य करतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना माझ्या शहाणपणाची उगाच आशा नको. तेव्हा माझं वयही फार नव्हतं. जेमतेम अठ्ठावन्न. त्या वयात बाईला जगातलं सगळं कळत असतं. साठी उलटली की एकेक गोष्ट कळेनाशी होते आणि मग माणूस जरा बरं वागायला लागतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या बाजूला. घरची भाजी, थोडी फुलं, दारात गाई. सून दौंडची. तिचे वडील रेल्वेत होते. लग्नाआधीपासून ती पुण्याच्या एका कंपनीत काम करायची. लोक दवाखान्यात जातात, बिलं होतात, विम्याचे पैसे मागतात. ती बिलं खरी की फुगवलेली, हे तपासायचं काम. माझ्या मते ही पोलिसाची नोकरी होती, पण बसून करायची.

पहिल्या बाळंतपणाला ती दौंडला गेली, तेव्हाच कंपनीनं तिला सांगून ठेवलं होतं: रजा संपली की महिनाभर घरून काम करून दाखवा. लाइन नीट चालली तर कायमचं घरून करा, नाहीतर पुण्याला ऑफिसात या. अंगावर पिणारं लेकरू घेऊन रोज पुणं गाठायचं म्हणजे नोकरी सोडणंच. हे तिला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. म्हणून मुलानं ती परत यायच्या आधीच घरात इंटरनेटचं कनेक्शन घेतलं.

माणूस आला, वायर ओढली, मधल्या खोलीतल्या कपाटावर एक काळा डबा ठेवला आणि गेला. राऊटर म्हणतात त्याला. मी त्याला फिरवून फिरवून पाहिलं. मागच्या बाजूला एका ओळीत चार भोकं. त्यातल्या एकात मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरची वायर, बाकीची तीन मोकळी. मला कसंतरीच झालं. चार सडांची गाय दारात, आणि पिणारं वासरू एकच. असं दूध वाया घालवणं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

तेवढ्यात धाकट्या जावेची मुलगी आली. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. पुतणी शिरूरला कॉलेजात जायची. कॉम्प्युटर होता, नेट नव्हतं.

"मोठ्याई, ही तीन भोकं रिकामी हायेत गं," ती म्हणाली.

"ते मला दिसतंय. घातली वायर त्यात, तर आमचं कमी होईल का?"

"कमी कशानं होईल? तुमचं तुमच्याकडंच राहतं की. आमच्याकडं पण येतं, एवढंच."

झालं! मला सगळं कळलं. हे विरजण आहे. चमचाभर विरजण शेजारणीला दिलं म्हणून आपलं दही कमी होत नाही. तिचं भांडं भरतं, आपलंही भरलेलंच राहतं. आणि दारात वाटी घेऊन आलेल्या बाईला विरजण नाही म्हणू नये, ही माझ्या सासूची शिकवण. पुतणीनं स्टुलावर चढून खिडकीतून निळी वायर ओढली. दुसऱ्या आठवड्यात अंगणापलीकडच्या दूध डेअरीतला माणूस म्हणाला, "आक्का, आमच्या कॉम्प्युटरला पण द्या की." त्यालाही दिली. तिसरी गेली जावेच्याच घरात, दिराच्या खोलीत. त्यांना कांद्याचे भाव बघायचे होते. भाव बघून झाले की ते दुपारभर कुस्त्या बघायचे.

वायरी लोंबताना वाईट दिसतात, आणि डब्यावर धूळही बसते, म्हणून मी वर क्रोशाचा रुमाल टाकला. मागून चांगला खालपर्यंत येईल असा. मुलगा रांजणगावच्या कारखान्यातून अंधार पडल्यावर यायचा. घरात काय बदललंय हे त्याला जेवणाच्या ताटाबाहेर कधी दिसलेलं नाही. मीही सांगितलं नाही. विरजण दिलेलं कुणी सांगत सुटतं का?

पण विरजणाला एक नियम असतो. दिवेलागण झाली की ते घराबाहेर द्यायचं नाही. घरातली लक्ष्मी जाते. मी नियमाची पक्की. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि रुमाल उचलून तीन वायरी उपटायच्या. टोकं फ्रिजच्या मागं टाकायची. सकाळी गाईंच्या धारा काढून झाल्या की परत लावायच्या. डेअरीवाला कुरकुरायचा.

"आक्का, संध्याकाळच्या दुधाचा हिशोब पुढं पाठवायचा राहतो ना."

"सकाळी पाठव. दूध काय रात्रीत पळून जातंय?"

"अवो, पण सगळं एकदमच जातं मग सकाळी..."

"जाऊ दे की एकदम. माझं काय कमी होतंय!"

असा कारभार सुरळीत बसला आणि मग सून बाळाला घेऊन घरी आली.

माडीवरच्या खोलीत तिनं टेबल लावलं. वायफायवर तिचा लॅपटॉप चालायचा. सकाळी तिची मीटिंग असायची आणि मग दिवसभर लोकांशी बोलणं. पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन वर गेले तर ती पडद्याकडं बघून म्हणत होती, "हॅलो, माझा आवाज येतोय का? सर, येतोय का?" पडद्यावर सगळ्यांची तोंडं उघडी राहून थिजलेली. एकाचा हात नाकाशी. मला हसू आलं. तिला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या ऑपरेशनच्या बिलाचं विचारत होते, आणि हिचा आवाज त्यांना तुकड्या-तुकड्यानं जात होता. ते चिडले, त्यांनी तक्रार केली. ती खाली आली, बाळाला घेतलं आणि मला विचारलं,

"आई, तुम्ही आपला पासवर्ड कुणाला दिलाय का?"

"न्हाई गं बाई."

हे मी खोटं बोलले नाही, यावर माझा आजही ठाम दावा आहे. पासवर्ड म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं, तर देणार कुठून? मी वायर दिली होती. तरी तिनं तो पासवर्ड बदलला. वायरीनं पिणाऱ्यांना त्याचं काय?

मुलगा घरी आला की ती त्याला सांगायची. तो हातपाय धुऊन माडीवर जायचा, लॅपटॉप उघडायचा, व्हिडिओ लावायचा. व्हिडिओ पाण्यासारखा वाहायचा. कारण खाली दिवा लागलेला असायचा आणि वायरी फ्रिजमागं पडलेल्या असायच्या.

"चांगलं तर चालतंय!"

"आत्ता चालतंय. दिवसा नाही चालत."

"लायनीला काय दिवस-रात्र कळती का?"

नेटच्या कंपनीचा लाइनमन बोलावला. दिवसभर तो वाड्या-वस्त्यांवर फिरायचा, आमच्याकडं यायचा तो बरोबर दिवेलागणीनंतर. तोही म्हणाला, "लाइन ओके आहे ताई. तुमच्या लॅपटॉपचं काहीतरी असेल." पुण्याहून दुसरा लॅपटॉप आला. तोही दिवसा थिजायला लागला. मग मुलगा म्हणाला, बघताना नीट बघत जा, कुठलं तरी बटण चुकत असशील. दिवसभर मळ्यात असणारे माझे मालक म्हणाले, नव्या बाळंतिणीला काम जड जातं, नको वाटतं, स्वाभाविक आहे. आणि मी? मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सोड की नोकरी. काय अडलंय आपलं?" माझ्याच हातानं लावलेली आग, आणि शेक घ्यायला तिलाच पाट मांडला.

ती खाली मान घालून लॅपटॉप बंद करायची, चालू करायची. बंद करायची, चालू करायची. महिना अर्धा सरला तसं तिनं बाळाला घेतलं आणि दौंडला निघून गेली. तिथं लाइन चांगली होती. उरलेले दिवस तिथून काम करते म्हणाली. त्यानंतर काय, हे कुणीच विचारलं नाही. माहेरी किती दिवस राहणार? गावात मात्र लगेच कळलं की आमच्या घरात भांडण झालं. एक बाई तर माझ्या तोंडावर म्हणाली, "आक्का, तुम्ही वाटत न्हाई तशा."

मुलगा घुमा झाला. नातवाशिवाय घर मोकळं मोकळं. शेवटी मी एका सकाळी पिशवीत मेथीच्या जुड्या, वांगी आणि निशिगंधाची फुलं भरली, शिरूरला आले आणि दौंडची एसटी धरली. वाटेत ठरवलं, सुनेला समजवायचं: नोकरी-बिकरी राहू दे, घरी चल.

भीमेवरचा पूल ओलांडून दौंडला पोचले तर विहीणबाईंनी दारातच बोटानं गप्प राहायची खूण केली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आतून सुनेचा आवाज येत होता. स्वच्छ, मध्येच "येतोय का" न विचारता. कुणाला तरी समजावत होती, "काका, तुम्ही घाबरू नका, ते कागद मी स्वतः बघते." मी तिला असं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्याकडं तिचं कुठलंच वाक्य पुरं झालेलं मी ऐकलं नव्हतं.

विहीणबाईंनी पाणी दिलं. बाळ त्यांच्या मांडीवर. सुनेचा भाऊ कोपऱ्यात त्याच्या कॉम्प्युटरपुढं हात बांधून बसलेला. पडदा काळा. व्याही पेपर चाळत होते, त्यांचाही कॉम्प्युटर बंद. मला वाटलं वीज गेलीय. पण पंखा तर फिरत होता.

"बाळाला काहीतरी गाणं दाखवते फोनवर," मी म्हणाले. "तुमचं नेट जोडून द्या की जरा."

"आत्ता नको हो विहीणबाई." त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी बसलीय कामाला. तिचं होईस्तोवर आम्ही कुणी लावत नाही."

"का? वापरून काय कमी होतंय?"

सुनेचा भाऊ हसला. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना वाटलं मी खरंच विचारतेय, आणि मी खरंच विचारत होते.

"अहो, सकाळच्या नळासारखं आहे ते. नळाला पाणी आलं, आणि खालच्या एकानं जरी मोटार लावली, की वरच्या मजल्यावरच्या बाईच्या हंड्यात थेंब पडत नाही. नळ नीट असतो, पाइप नीट असतो, नगरपालिकेचा माणूस येऊन बघतो तर काही बिघडलेलं नसतं. तोवर मोटार बंद झालेली असते ना! वरची बिचारी ओरडून ओरडून खोटी पडते."

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं.

तीन मोटारी. खाली तीन मोटारी लावल्या होत्या मी, रोज सकाळी, धारा काढल्यावर, हात धुऊन. आणि संध्याकाळी बघायला माणूस यायच्या आत, देवाला नमस्कार करून, काढून ठेवत होते. एखाद्या वाईट सासूनं ठरवून छळ करायचा म्हटला असता तर तिला इतकं बिनचूक जमलं नसतं.

"बरं वाटत नाही का?" विहीणबाईंनी विचारलं.

"उन्हाचं आले ना," मी म्हणाले.

सुनेला समजवायला आलेली मी, तिच्या हातचा चहा पिऊन, बाळाचा पापा घेऊन, काहीही न समजवता दुपारच्या एसटीनं परत फिरले. सांगून टाकायचं तिथंच. पण व्याह्यांच्या घरी, व्याह्यांच्या देखत, माझी जीभ टाळ्याला चिकटली. अठ्ठावन्नची होते, सांगितलं ना. त्या वयात मान फार मोठी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढल्या आणि वायरी लावल्याच नाहीत. गाईला वैरण टाकेपर्यंत धाकटी जाऊ अंगणात.

"आक्का, आमचं नेट गेलंय."

"गेलं न्हाई. मीच काढलं."

"का वं? आमचं काय चुकलं?"

"तुमचं काय चुकलं न्हाई. आमच्या सुनेला पुरत न्हाई."

तिनं कमरेवर हात ठेवले. "आन् इतके दिवस कसं पुरत होतं?"

"इतके दिवस पण पुरत नव्हतं. मला कळत नव्हतं."

"पोरीचं कॉलेजचं काम हाय आक्का. दिलेलं विरजण कुणी परत मागतं का?"

"विरजण न्हाई गं ते," मी म्हणाले. "तुझ्याकडं दही लागलं, पण माझ्याकडचं नासलं. पोरीला म्हण, दिवसा न्हाई, संध्याकाळी इथं येऊन बस. जेवूनच जाईल."

ती फणकाऱ्यानं गेली. बरेच दिवस बोलली नाही. पुढं त्यांनी स्वतःचं कनेक्शन घेतलं, आमच्यापेक्षा वेगवान, आणि पहिलं बोलली ती हेच सांगायला: "लागलं तर मागा बरं का आक्का, लाजू नका." डेअरीवाल्याचं सोपं गेलं. त्याच्या मालकानं त्याला त्या आठवड्यातच वेगळं घेऊन दिलं, कारण संध्याकाळच्या दुधाचा हिशोब सकाळी पाठवून पाठवून तो शिव्या खात होता.

मी सुनेला फोन केला. "ये घरी. लाइन नीट झालीय."

"दिवसा पण?"

"दिवसाच नीट झालीय."

ती आली. तिचा विश्वास नव्हता, पण आली. माडीवर टेबल लावलं, मीटिंग सुरू केली. मी दारात उभी राहून बघत होते. तोंडं हलत होती, हात नाकापासून खाली येत होते, एकही माणूस थिजला नाही. महिन्याचे राहिलेले दिवस तसेच गेले आणि तिच्या साहेबांनी कळवलं, आता घरूनच करा.

इथं मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वायरी गेल्या होत्या, नोकरी राहिली होती, मेलेलं मढं उकरायला कुणी सांगितलंय? पण त्या संध्याकाळी जेवताना मुलगा भाकरी मोडत म्हणाला,

"बघ, चाललं का न्हाई शेवटपर्यंत? लाइन तीच, डबा तोच. उगाच पंधरा दिवस डोकं खाल्लंस सगळ्यांचं."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. खुशीतच म्हणाला. मालकही हसले. "अरे, नवखं असतं सगळं, होतं असं," म्हणाले. सून बाळाला भात भरवत होती. तिनं वर पाहिलं नाही. घास तेवढा जरा वेळ हातातच राहिला, बाळ तोंड उघडून बसलं.

तेव्हा मला कळलं की मी गुपचूप सगळं नीट केलं, त्यानं ती आणखीच खोटी पडली. आता तर पुरावाच होता: तीच लाइन, तोच डबा. ही गोष्ट या घरात कायमची सांगितली जाणार होती. नातू मोठा झाला की त्यालाही सांगणार, तुझी आई कशी कांगावा करायची.

मी ताट बाजूला सरकवलं, उठले, कपाटावरच्या डब्याचा रुमाल काढला आणि फ्रिजच्या मागून तिन्ही वायरींची टोकं ओढून ताटांच्या मधोमध आणून टाकली.

"हे काय?" मुलगा म्हणाला.

"हे तुझ्या आईचं शहाणपण," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. गाईचे सड, विरजण, पुतणी, कांद्याचे भाव, कुस्त्या. दिवेलागणीला काढायची आणि सकाळी लावायची, तेही. मालकांना आधी हसू फुटलं, मग त्यांनी मुलाकडं पाहिलं आणि ते आवरलं.

मुलाची कानशिलं लाल झाली. "आई, अगं पंधरा दिवस मी हिला..." एवढंच म्हणाला आणि पुढचं गिळलं. मग बायकोकडं बघून पुटपुटला, "मला एकदा दिवसा थांबून बघायला काय झालं होतं?"

"तेच तर," मी म्हणाले. "मी चुकले ते अडाणी म्हणून. तुम्ही बापलेक शिकलेले, तुम्ही तिच्या शब्दावर एक दिवस घरी थांबून बघितलं न्हाई. दिवसा चालत न्हाई म्हणत होती ना ती? नेमकं तेच तर सांगत होती."

सुनेनं बाळाचं तोंड पुसलं, ताटं गोळा केली. मला वाटलं, आता हिचा राग बाहेर पडेल, आणि पडावाच. मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले. भांडी घासायला घेतली तर तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली नाहीत. एरवी घेते. दोघी शेजारी उभ्या. मी म्हणाले, "बोल काय बोलायचंय ते. मी ऐकून घेते."

तिनं पातेलं विसळलं, पालथं घातलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"नेटचं एवढं काही नव्हतं आई. सगळे म्हणतायत सगळं नीट आहे, लॅपटॉप बदलला तरी तेच... मला वाटायला लागलं होतं, बाळंतपणानं माझंच डोकं बिघडलंय."